जुन्या स्पोर्ट्स कारला नवा रंग की व्हिनाइल रॅप? खर्चाचा हिशोब असा मांडा

‘गाडी पूर्ण रंगवायला किती येतील?’ हा प्रश्न दोन ठिकाणी विचारा. एकाचा आकडा दुसऱ्याच्या चौपट निघेल आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतील. पहिला काचेच्या रबरावर टेप लावून वरून रंग मारणार आहे. दुसरा काचा, दिवे, हँडल, आरसे सगळं खोलून, पत्रा घासून, मग बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीत, गाडी घेणार आहे. दोन्ही कामांना ‘फुल पेंट’ म्हणतात, घोळ इथेच होतो.

म्हणून पैशाचा आकडा विचारण्याआधी तीन गोष्टी मोजायला शिकायचं: तास, लिटर आणि मीटर. मजुरीचा दर जागेप्रमाणे बदलतो. एका दोन दारी कूपेला लागणारी फिल्म (रॅप म्हणून गाडीवर चिकटवायचा व्हिनाइलचा पातळ पापुद्रा) किंवा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मात्र कुठेही तेवढाच लागतो. तुमच्याकडचे दर या मोजमापांत घातले की अंदाज तयार होतो, आणि समोरच्याने कोणतं काम गाळलंय हेही दिसतं.

आधी गाडीचं अंग वाचा

वापरलेल्या स्पोर्ट्स कारचा खर्च ठरतो तो आज वर दिसणाऱ्या रंगाखाली काय आहे त्यावर. रंगाची जाडी मोजायचं मीटर विकत घ्या किंवा मागून आणा. प्रत्येक पॅनेलवर पाच-सहा ठिकाणी टेकवा: मध्यभागी, कडांजवळ, चाकाच्या कमानीवर, दाराच्या खालच्या भागात.

कारखान्यातला रंग साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा असतो. आकडा २०० च्या पुढे गेला तर पॅनेल एकदा पुन्हा रंगवलेलं आहे असं धरा. ३०० च्या वर बहुधा दोनदा. हजाराच्या आसपास किंवा पुढे गेला तर खाली पुट्टी आहे. एकाच दारावर एका जागी १२० आणि हातभर अंतरावर ९०० आलं, तर तिथे ठोकर बसली होती आणि ती भरून काढली आहे, हे समजून घ्यायला कागदपत्रांची गरज नाही.

इथे स्पोर्ट्स कारची एक खास अडचण येते. सगळी अंगं पोलादी नसतात. माझ्दा एमएक्स-५ चं बॉनेट पहिल्या पिढीपासून अ‍ॅल्युमिनियमचं आहे. १९९० मध्ये आलेल्या होंडा एनएसएक्सची अख्खी बॉडी अ‍ॅल्युमिनियमची. शेव्हरोले कॉर्व्हेट १९५३ पासून फायबरग्लास किंवा तशाच मिश्र साहित्याचं अंग घेऊन येते, लोटस एलिसचं बाहेरचं अंगही फायबरचं. चुंबकीय तत्त्वावरचं स्वस्त मीटर फक्त पोलादावर चालतं. अ‍ॅल्युमिनियमसाठी एडी करंटवाला दुहेरी मीटर लागतो. फायबर, कार्बन आणि प्लास्टिक बंपरवर हे दोन्ही मुके. तिथे अल्ट्रासोनिक मीटर लागतो, किंवा तिरप्या उजेडात टॉर्च धरून डोळ्यांनी पाहावं लागतं.

साहित्याचा खर्चाशी थेट संबंध आहे. अ‍ॅल्युमिनियम घासायला वेगळी हत्यारं आणि वेगळे पेपर हवेत, कारण लोखंडाचे कण त्यात रुतले तर पुढे रंगाखाली गंज धरून फुगे येतात. फायबरवर बारीक जाळीसारख्या चिरा असतील तर नुसता प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तर थर, मारून त्या जात नाहीत. मुळापर्यंत घासून, रेझिनने दुरुस्त करून, मगच रंग. नाहीतर काही महिन्यांत त्याच चिरा नव्या रंगातून वर येतात.

मग टेप चाचणी. दगड लागून उडालेल्या टवक्यांच्या कडेवर चांगली चिकट टेप दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. रंगाचे पोपडे टेपला आले, तर त्या पॅनेलवर रॅप लावायचा विचार सोडा. फिल्म चिकटेल, पण काढताना रंग घेऊनच निघेल. तसंच क्लिअर कोट पांढरट होऊन सालीसारखा सुटत असेल किंवा कडांना गंजाचे फोड असतील, तर फिल्म त्यावर इलाज नाही. झाकलेला गंज खाली चालूच राहतो आणि नजरेआड असल्यामुळे जास्त खातो.

आता एक आडवळणाचा सल्ला. मीटरवर आकडे १०० च्या वर एकसारखे असतील आणि तक्रार फक्त कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे, निस्तेजपणा आणि चार-दोन टवके एवढीच असेल, तर कदाचित रंगही नको आणि रॅपही नको. क्लेने (रंगात रुतलेली घाण ओढून काढणाऱ्या मऊ वडीने) सफाई, कंपाउंड आणि पॉलिश, टवक्यांना टच-अप: १५ ते २५ तासांत गाडी ओळखू येत नाही. क्लिअर कोट दोन-चार मायक्रॉनच्या वर खाऊ द्यायचा नाही, एवढं पथ्य पाळायचं. संग्राहकांना हव्या असलेल्या मॉडेलवर मूळ रंग हीच किंमत असते. तो घासून काढल्यावर परत येत नाही.

रंगकाम: तास कुठे जातात

एक दोन दारी कूपे धरा. पत्रा बरा आहे, छोटे डेंट तीन-चार, रंग तोच ठेवायचा. नीट काम करणाऱ्याकडे तासांची वाटणी ढोबळमानाने अशी पडते:

- खोलणे आणि परत बसवणे: १२ ते २० तास
- घासकाम: १५ ते २५ तास
- प्रायमर आणि ठोकळा लावून सपाट करणं: ८ ते १२ तास
- मास्किंग: ५ ते ८ तास
- प्रत्यक्ष फवारणी: ४ ते ६ तास
- शेवटचं घासून पॉलिश: ८ ते १२ तास

बेरीज ५० ते ८५. डेंट वेगळे, प्रत्येकी एक ते तीन तास. ज्या कामाला आपण ‘रंग मारणं’ म्हणतो ते यात सगळ्यांत लहान आहे, हे लक्षात घ्या. कमी पैशांत काम करून देणारा रंगात फारशी कपात करूच शकत नाही. तो खोलणं टाळतो, पेपर मारणं उरकतो आणि पॉलिश सोडतो. या तीन ठिकाणी तीस-चाळीस तास सहज वाचतात, आणि वर्षभरात तिथूनच काम उखडतं.

रंग बदलायचा असेल तर गणित फिरतं. दाराच्या चौकटी, दारांच्या आतल्या कडा, बॉनेट आणि डिकीची आतली बाजू, पेट्रोलच्या झाकणाचा खळगा, इथे जुना रंग दिसता कामा नये. त्यासाठी दारांचं आतलं सामान, रबर, बिजागऱ्या, वायरिंग हलवावं लागतं. त्याचे २० ते ४० तास धरा. इंजिनची खोली हवी असेल तर इंजिन बाहेर काढावं लागतं, आणि मग तो अंदाज या लेखाच्या बाहेरचा. पांढरी गाडी काळी करायची आणि चौकटी पांढऱ्याच ठेवायच्या, असा ‘मधला मार्ग’ कुणी सुचवला तर नको म्हणा. दार उघडल्याबरोबर गाडीची किंमत पडते.

जुना रंग फार जाड झाला असेल, दोन-तीनदा मारलेला असेल, तर पत्र्यापर्यंत उतरवावा लागतो. एका पॅनेलला चार ते सहा तास. ३०० मायक्रॉनवर आणखी १५० चढवले की दगडाच्या एका टोल्याने मोठा टवका उडतो, कारण जाड थर कडक आणि ठिसूळ होतो.

साहित्याकडे वळू. लहान कूपेला बाहेरून तयार मिश्रण साधारण असं लागतं: प्रायमर २ लिटर, बेस कोट (म्हणजे खरा रंगीत थर) ४ लिटर, क्लिअर कोट ३ ते ४ लिटर. क्लिअरमध्ये बहुतेकदा दोन भाग क्लिअरला एक भाग हार्डनर (थर कडक करणारा घटक) असतो. प्रायमरचं प्रमाण वेगळं असतं आणि दोन्हींचे नेमके आकडे डब्याबरोबरच्या तांत्रिक कागदावर असतात. अंदाजाने ओतणाऱ्याकडे गाडी देऊ नका. हार्डनर कमी पडला तर रंग मऊ राहतो, जास्त पडला तर तडकतो.

लाल, पिवळा आणि केशरी हे स्पोर्ट्स कारचे लाडके रंग, आणि नेमके हेच खालचं झाकण्यात कमजोर. जिथे करडा दोन हातांत झाकतो तिथे पिवळ्याला चार-पाच हात लागतात. योग्य छटेचा प्रायमर खाली घेतला तर एक-दोन हात वाचतात. शिवाय या छटांची रंगद्रव्यं महाग. मोती छटेचे तीन थरी रंग आणखी पुढचे: आधी तळाचा थर, वर पारदर्शक रंगीत थर, मग क्लिअर. माझ्दाचा सोल रेड क्रिस्टल, कोड ४६व्ही, हा याच जातीचा. मधल्या थराचा एक हात कमी-जास्त झाला तरी दार आणि फेंडर दोन वेगळ्या गाड्यांचे वाटतात. असा रंग असलेल्या गाडीचं एक पॅनेल रंगवायचं म्हटलं, तरी शेजारच्या दोन पॅनेलांत रंग विरवत न्यावा लागतो. म्हणजे एकाच्या जागी तीन पॅनेलांचं क्लिअर.

रंगाचा कोड दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली चिकटवलेल्या पट्टीवर असतो, पण एका कोडच्याही अनेक उपछटा असतात. वर जुन्या गाडीने ऊन खाल्लेलं असतं. म्हणून कोड सांगून भागत नाही. पॉलिश केलेल्या पॅनेलवर स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंगाची छटा मोजणारं यंत्र) लावून जुळणी करायची, कार्डावर नमुना मारायचा, क्लिअरसकट वाळवायचा आणि उन्हात गाडीशेजारी धरून पाहायचा. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली जुळलेला मेटॅलिक बाहेर हमखास दगा देतो.

घासायच्या पेपरचा क्रम विचारला की कारागीर कळतो; नंबर मोठा तितका पेपर बारीक. डेंटच्या कडा १८० ते २४० ने, प्रायमर ३२० ने सपाट, बेसच्या आधी ५०० ते ६००, जिथे रंग विरवायचा तिथे ८०० किंवा त्याहून बारीक. शेवटी क्लिअरवर १५०० पासून ३००० पर्यंत ओला पेपर आणि मग मशीन. मधली पायरी गाळली की जाड पेपरच्या रेघा महिन्याभरात क्लिअर बसल्यावर वर दिसतात. गाडी घेताना त्या दिसत नाहीत, हाच त्यातला त्रास.

घरी स्वतः फवारायचा विचार असेल तर एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो. दोन घटकांच्या क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो. कापडी मास्क तिथे काहीच कामाचा नाही, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. घासकाम, खोलणं आणि मास्किंग स्वतः करून फवारणी बूथवाल्याला देणं हा पैसे वाचवायचा शहाणा मार्ग आहे. फक्त त्याला आधी विचारा, कारण दुसऱ्याने घासलेल्या पत्र्याची हमी बरेच जण घेत नाहीत.

रॅप: मीटर मोजा, मग बोला

गाडीच्या रॅपची फिल्म दोन जातींची. कास्ट फिल्म ओतून बनवतात. ती सुमारे ५० मायक्रॉनची, चिकटद्रव्यासह ८०-९० च्या घरात, वळणांवर बसल्यावर बसून राहते. कॅलेंडर्ड फिल्म रोलरमधून दाबून काढतात. तिला परत आकसायची सवय असते. सपाट फलकाला ती ठीक, पण स्पोर्ट्स कारच्या बंपरवर नाही. दोन अंदाजपत्रकांत मोठी तफावत असेल तर पहिला प्रश्न हा: फिल्म कास्ट आहे का, आणि कंपनी व मालिका कोणती? ३एम, एव्हरी डेनिसन, ओराफोल, हेक्सिस या सगळ्यांच्या गाडीसाठीच्या मालिका आहेत. उत्तर ‘इंपोर्टेड आहे’ एवढंच आलं तर निघा.

रोलची रुंदी बहुतेक १.५२ मीटर असते. आता टेप घेऊन पॅनेल मोजा आणि प्रत्येकाला पकडायला व दुमडायला १०-१५ सेंटिमीटर जादा धरा. एका लहान कूपेचं उदाहरण: बॉनेट १.७, छप्पर १.७, पुढचा बंपर २.५, मागचा बंपर २.५, दोन फेंडर २.६, दोन दारं ३.०, मागच्या दोन बाजू ४.६, डिकी १.२. बेरीज १९.८ मीटर. दारं आणि फेंडर पाऊण मीटरपेक्षा कमी उंच असतील तर जोडीतली दोन्ही एकाच रुंदीत बसतात. दारांचे १.५ आणि फेंडरचे १.३ मीटर वाचले, राहिले १७. आरसे, स्पॉयलर, खालच्या पट्ट्या कापून उरलेल्या तुकड्यांत. फाटणं, चुकणं यासाठी २ मीटर वर. म्हणजे १९ मीटर मागवा.

पण फिल्म मेटॅलिक, साटिन किंवा ब्रश केलेल्या धातूसारखी असेल तर तिला दिशा असते. सगळे तुकडे एकाच दिशेने लावले नाहीत तर दार गडद आणि फेंडर फिकट दिसतो. मग वरची बचत निम्मी होते. क्रोम फिल्म तर ताणच सहन करत नाही, जास्त सांधे आणि जास्त तास खाते, आणि आयुष्यही कमी. क्रोमचा अंदाज साध्या ग्लॉसच्या दीडपट-दुप्पट आला तर तो लुटतोय असं समजू नका.

तासांचं म्हणाल तर धुणं, क्ले आणि डांबर-मेण काढणं ३-४, खोलणं ४-८, फिल्म बसवणं २०-३०, कडा तापवून पक्क्या करणं २-३, परत बसवणं ३-५. एकूण ३२ ते ५०. स्पोर्ट्स कार यात वरच्या टोकाला जाते, कारण हवा घ्यायच्या खोल खाचा, फुगीर कमानी, मागचा डिफ्युझर (बंपरखालचा हवा वळवणारा भाग). एका सपाट बॉनेटला तास लागतो, एका नाकाळ बंपरला अर्धा दिवस. खोल खाचेत फिल्म ताणून घुसवली तर ती वर उठतेच. अनुभवी माणूस खाचेत आधी वेगळा तुकडा बसवतो आणि वरच्या फिल्मशी काही मिलिमीटर सांधा ठेवतो. सांधा दिसला म्हणून तक्रार करू नका. कुठे येणार आहे ते मात्र आधी विचारून घ्या.

रॅपवाल्याची पाच कामं तुमच्या समोर होत असतील तर लक्ष ठेवा:

- पुसणं: आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी, ७०:३०. सिरॅमिक कोटिंग असेल तर ते पॉलिश करून काढावं लागतं, अल्कोहोलने जात नाही.
- तापमान: जागा साधारण २० ते २५ अंश, धूळ नाही, पंखा नाही.
- ताण: फिल्म दाबून बसवली जाते, ओढून नाही. जास्त ओढली की रंग फिका पडतो.
- कापणं: शक्य तिथे नाइफलेस टेप (आतल्या दोऱ्याने, ब्लेडशिवाय फिल्म कापणारी). ब्लेड लावलंच तर वजन फिल्मपुरतं. क्लिअर कोटमध्ये गेलेली रेघ फिल्म काढल्यावरच सापडते, तेव्हा दाद मागायला उशीर झालेला असतो.
- शेवटचं तापवणं: ताणलेल्या जागा आणि कडा १०० अंशांच्या आसपास, इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजून. नेमका आकडा फिल्मच्या कंपनीचा. याने फिल्मची मूळ आकारात जायची ओढ मरते. ही पायरी टाळली की आठवड्यात कोपरे सुटतात.

नव्याने रंगवलेल्या गाडीवर लगेच रॅप नको. रंगातले द्रव बाहेर पडायला किमान महिना द्या, हवेवर वाळवला असेल तर त्याहून जास्त. नाहीतर फिल्मखाली फुगे धरतात आणि ते टाचणीने टोचून जात नाहीत. दगडाचे टवके, पुट्टीचे उंचवटे, सोलवटलेल्या कडा हे सगळं ग्लॉस फिल्ममधून वर उमटतं. मॅट थोडं माफ करतं. खरखरीत काळ्या प्लास्टिकवर फिल्म टिकत नाही. ते भाग सोडून द्या किंवा रंगवून घ्या.

स्वतः रॅप करायचा असेल तर फिल्म पाव भागाने जादा घ्या, आरसा सगळ्यांत शेवटी ठेवा आणि सुरुवात छपराने किंवा बॉनेटने करा. दोन माणसं, फेल्टच्या कडेचे स्क्वीजी (फिल्म दाबून बसवायच्या पट्ट्या), हीट गन, हातमोजे, चुंबक, तीस अंशी ब्लेड. पहिल्या गाडीला व्यावसायिकाच्या दुप्पट-तिप्पट वेळ जातो, आणि बंपर दोनदा करावा लागतो. मधला मार्ग म्हणून सपाट पॅनेल स्वतः आणि बंपर-आरसे कारागिराकडून, हे बरं जमतं.

दोन्ही शेजारी ठेवून

समजा रॅपला ४० तास आणि १९ मीटर फिल्म. काढायला ८ तास आत्ताच हिशोबात धरा, कारण ती कधीतरी काढावी लागणारच. म्हणजे ४८ तास अधिक १९ मीटर. उभ्या पॅनेलांवर चांगली कास्ट फिल्म पाच-सात वर्षं जाते, पण कडक उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं बॉनेट आणि छप्पर दोन-तीन वर्षांतच उतरतं. सावलीत ठेवलेली गाडी आणि पाच वर्षं धरली तर दर वर्षी ९.६ तास अधिक ३.८ मीटर.

त्याच रंगाचं रंगकाम: ६५ तास अधिक साहित्य. दहा वर्षं धरली, आणि नीट झालेला रंग त्याहून जास्त टिकतो, तर दर वर्षी ६.५ तास अधिक साहित्याचा दहावा हिस्सा. म्हणजे ‘रॅप स्वस्त’ हे पहिल्या बिलापुरतं खरं. गाडी ठेवायची असेल आणि तोच रंग आवडत असेल, तर रंगकाम बाजी मारतं.

रंग बदलायचा असेल तर ९५ तास अधिक साहित्य. दहा वर्षांवर पसरून ९.५ तास. आता रॅप आणि रंग बरोबरीत आले, आणि रॅपखाली मूळ रंग शाबूत राहिला, म्हणून रॅपचं पारडं जड. तीन वर्षांत गाडी विकायची असेल तर प्रश्नच नाही: ४८ तासांना तीनने भागा, १६ येतात, ९५ ला भागा, ३२ च्या आसपास. त्यावर रंग बदललेली जुनी गाडी घेताना गिऱ्हाईक दहा शंका काढतं ते वेगळंच.

या आकड्यांत तुमच्याकडचा तासाचा आणि मीटरचा दर घाला. जिथे मजुरी स्वस्त आहे तिथे फिल्मच बिलावर स्वार होते आणि रंगकाम जवळचं वाटतं. जिथे मजुरी महाग, तिथे रंगाचे ९५ तास अंगावर येतात. दुसऱ्या देशातल्या माणसाचा अनुभव वाचून ‘रॅप निम्म्यात होतो’ असं म्हणणं म्हणूनच फसवं असतं.

हिशोबात न येणाऱ्या काही ओळी आणखी. बऱ्याच ठिकाणी रंग बदलला की नोंदणीच्या कागदांत कळवावं लागतं, रॅप असला तरी. विमा कंपनीलाही सांगायचं, नाहीतर धडकेनंतर पैसे मिळताना अडचण येऊ शकते. बंपरमागे रडार असेल तर त्यावर धातूची किंवा क्रोम फिल्म नको आणि जाड पुट्टीही नको. पार्किंग सेन्सर वेगळे काढून पातळ रंगवायचे; जाड थराखाली ते चुकीचे इशारे देतात. फक्त दगडांपासून बचाव हवा असेल तर १५०-२०० मायक्रॉनची संरक्षक पारदर्शक फिल्म पुढच्या बंपरला, बॉनेटला आणि आरशांना लावणं हा वेगळा आणि व्हिनाइलपेक्षा महाग मार्ग. व्हिनाइल दगड फारसा अडवत नाही.

काम बिघडलं तर कशामुळे

रंगावर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे आले तर पृष्ठभागावर सिलिकॉन होतं, म्हणजे जुनं पॉलिश नीट पुसलं नव्हतं. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं म्हणजे दोन हातांमध्ये द्राव उडायला वेळ दिला नाही, किंवा भट्टी लवकर तापवली. पत्रा ६० अंशांवर अर्धा तास, हा नेहमीचा क्रम, पण त्याआधी थांबावं लागतं. संत्र्याच्या सालीसारखा पोत म्हणजे गनचा दाब किंवा थिनर चुकला. हा दोष घासून-पॉलिश करून निघतो, बाकीचे दोन पुन्हा रंगवल्याशिवाय नाही. बंपरवरून रंगाची सालपटं निघाली तर उघड्या प्लास्टिकवर चिकटपणाचा प्रायमर मारलेला नाही.

रॅपच्या कडा फक्त मागच्या बंपरवर सायलेन्सरच्या नळीजवळ सुटत असतील तर तो उष्णतेचा दोष आहे, तिथे फिल्म आखूड ठेवावी. सगळीकडे सुटत असतील तर पुसण्यात किंवा तापवण्यात गडबड. फिल्म काढताना तुकड्या-तुकड्यांनी तुटत असेल तर ती जास्त जुनी झाली. ८ तासांचं काम २०-४० वर जातं. म्हणून मुदत संपायची वाट पाहू नका, चमक गेली की उतरवा. ६०-८० अंश तापवून, जमिनीला समांतर, हळू ओढायची.

अंदाजपत्रकात हे सगळं लिहून घ्या: काय-काय खोलणार, चौकटी आहेत की नाहीत, किती हात, कोणत्या कंपनीचं क्लिअर किंवा फिल्म, सांधे कुठे, आणि आठवड्याने कडा पुन्हा तपासून देणार का. गाडी दिवसा, उन्हात ताब्यात घ्या. काचेच्या रबराची कड नखाने उचला: रंगाची धार तिथे संपत असेल तर काच खोललेली नाही. आरशाच्या खालून, हँडलच्या मागून आणि पेट्रोलच्या झाकणात पाहा. रॅप असेल तर तीन दिवस धुऊ नका, आणि नंतरही प्रेशर गनची नळी कडेपासून हातभर लांब धरा. उरलेली फिल्म गुंडाळून, उन्हापासून दूर, उभी ठेवा. दोन वर्षांनी फेंडरला खरचटलं की त्याच बॅचचा तुकडा दुकानात मिळत नाही.